एकाच तारखेला जन्मलेले दोन नोबेल मानकरी आणि त्यांचे सेंट लुशिया बेट

बेटकरी (धागाकर्ता)

नमस्कार. काही दिवसांपूर्वी एका स्नेह्यांनी प्रवासातून उरलेली पूर्व कॅरिबियन डॉलरची शंभराची नोट मला पाहायला दिली. पुढच्या बाजूला इंग्लंडची राणी होती, त्यात नवल नव्हते. पण मागच्या बाजूला एका गंभीर चेहऱ्याच्या कृष्णवर्णीय गृहस्थांचे चित्र होते आणि खाली नाव होते, सर आर्थर लुईस. आठ प्रदेशांत चालणाऱ्या चलनाच्या सर्वांत मोठ्या नोटेवर एका अर्थशास्त्रज्ञाला जागा मिळावी, याचे कुतूहल वाटून मी त्यांच्या बेटाविषयी वाचत गेलो आणि त्यातून हा धागा निघाला.

सेंट लुशियाचे क्षेत्रफळ सुमारे 617 चौरस किलोमीटर आहे, म्हणजे साधारण बृहन्मुंबईएवढे. लोकसंख्या मात्र पावणेदोन ते एक लाख ऐंशी हजारांच्या घरात, आपल्याकडच्या एखाद्या मध्यम तालुक्याइतकीच. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात हे बेट चौदा वेळा हातबदल झाले असे सांगितले जाते, आणि म्हणूनच, ग्रीक कथेत जिच्यासाठी ट्रॉयचे युद्ध झाले त्या हेलनवरून, त्याला ‘वेस्ट इंडीजची हेलन’ म्हणत आले आहेत. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी, घरातली आणि बाजारातली भाषा फ्रेंचमधून घडलेली क्वेयोल, आणि गावांची नावे बहुतेक फ्रेंच, असा तिथला मामला आहे. एवढ्याशा बेटाने अर्थशास्त्राचे (1979) आणि साहित्याचे (1992) अशी दोन नोबेल पारितोषिके मिळवली. लुईस यांचा जन्म 23 जानेवारी 1915 चा आणि कवी डेरेक वॉलकॉट यांचा 23 जानेवारी 1930 चा. दोघेही राजधानी कास्ट्रीजचे आणि दोघेही सेंट मेरीज कॉलेज या एकाच शाळेचे विद्यार्थी. जानेवारीत तिथे ‘नोबेल मानकरी सप्ताह’ साजरा होतो, तो या तारखेच्या आगेमागे.

असे योगायोग वाचले की ‘त्या मातीतच काहीतरी आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही, कारण दोघांच्या बालपणाचा तपशील पाहिला तर माती बाजूला राहते आणि फार ठोस गोष्टी पुढे येतात. लुईस सात वर्षांचे असताना आजारी पडले आणि काही आठवडे शाळा बुडाली. मुलगा मागे पडू नये म्हणून शिक्षक असलेल्या वडिलांनी त्याला घरी रोज शिकवायला घेतले आणि तीन महिन्यांत शाळेतला दोन वर्षांचा अभ्यास उरकला, त्यामुळे परत गेल्यावर मुलाला चौथीतून थेट सहावीत बसवण्यात आले. थोड्याच काळाने वडील वारले. मागे पाच मुलगे आणि त्यांची आई, आयडा. तिने दुकान चालवून पाचही जणांना वाढवले. पुढे नोबेलच्या निमित्ताने लिहिलेल्या आत्मवृत्तात लुईस यांनी आईइतके शिस्तीचे आणि कष्टाळू माणूस आपण पाहिले नसल्याचे नमूद केले आहे.

वॉलकॉट यांची गोष्ट याहून वेगळी नाही. डेरेक आणि रॉडरिक ही जुळी भावंडे जेमतेम वर्षाची असताना वडील वॉरिक हे एकतिसाव्या वर्षी गेले. ते जलरंगात चित्रे काढत आणि कविताही लिहीत. आई अ‍ॅलिक्स मेथडिस्ट शाळेत शिक्षिका होती आणि शिवणकाम करून संसाराला हातभार लावत होती. अठराव्या वर्षी डेरेकने तिच्याकडे कवितासंग्रह छापण्यासाठी दोनशे डॉलर मागितले. त्या मिळकतीत एवढी रक्कम उभी करणे म्हणजे काय, याचा हिशेब ज्याने शिक्षकाच्या घरातला महिनाअखेर पाहिला आहे त्याला सांगायला नको. तिने पैसे कुठून तरी आणले. पुस्तक त्रिनिदादहून छापून आले, मुलाने ते ओळखीपाळखीच्यांना विकले आणि पैसे वसूल केले. तो 1948 चा ‘पंचवीस कविता’ हा संग्रह. त्याच वर्षी जूनमध्ये कास्ट्रीजचा बराचसा भाग आगीत भस्मसात झाला, तो प्रसंगही त्यांच्या सुरुवातीच्या कवितेत आला आहे.

आणि आता तिसरे नाव. 3 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसच्या ओल्या ट्रॅकवर जुलियन आल्फ्रेड या तेवीस वर्षांच्या मुलीने 100 मीटरची शर्यत 10.72 सेकंदांत जिंकली. दुसऱ्या आलेल्या शकारी रिचर्डसनपेक्षा ती 0.15 सेकंदाने पुढे होती. सेंट लुशियाचे हे ऑलिंपिकमधले पहिलेच पदक, आणि तेही सुवर्ण. तीन दिवसांनी 200 मीटरमध्ये तिने रौप्य मिळवले. लहानपणी ती अनवाणी धावत असे. बारा वर्षांची असताना तिचे वडील वारले आणि चौदाव्या वर्षी ती एकटी जमैकात शिकायला गेली. शर्यत संपल्यावर तिने छातीवरची नावाची पट्टी फाडून हातात उंच धरली, ते दृश्य ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्या पट्टीवरचे ‘आल्फ्रेड’ हे वडिलांकडून आलेले नाव आता वेगळे वाटेल.

माझे म्हणणे असे की या तिघांच्या यशाचा हिशेब बेटाच्या आकाराने मांडण्यापेक्षा तीन गोष्टींनी मांडावा: लवकर हरपलेले वडील आणि पाठीशी राहिलेले घर, एखादी शाळा किंवा शिष्यवृत्ती, आणि वेळेवर मिळालेले बाहेरचे तिकीट. तिघांपैकी एकाचेही काम बेटावर राहून झालेले नाही. याविषयी जाणकारांनी भर घालावी.

शेवटची_लोकल

उत्तम धागा. लुईस यांचे नाव आम्ही अर्थशास्त्राच्या पदवी वर्गात ‘लुईस प्रारूप’ म्हणून पाठ केले होते, पण हा माणूस कृष्णवर्णीय होता आणि एका बेटावरचा होता, हे वर्गात कोणी सांगितल्याचे आठवत नाही.

आपण त्यांच्या ‘बाहेरच्या तिकिटा’विषयी लिहिले आहे, त्यात एक कडवट तपशील जोडतो. चौदाव्या वर्षी शालेय अभ्यासक्रम संपला, पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसण्याचे वय झालेले नव्हते, म्हणून लुईस सरकारी खात्यात कारकून म्हणून लागले. 1932 मध्ये शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा त्यांना खरे तर अभियंता व्हायचे होते. परंतु वसाहतीचे सरकार किंवा गोऱ्यांच्या कंपन्या कृष्णवर्णीय अभियंत्याला नोकरी देणार नाहीत हे उघड होते, म्हणून त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये वाणिज्य शाखेची पदवी घ्यायचे ठरवले. अर्थशास्त्र म्हणजे काय याची तेव्हा त्यांना कल्पनाही नव्हती. 1948 मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, ते मँचेस्टर विद्यापीठात प्राध्यापक झाले. शांततेचे पारितोषिक सोडले तर इतर कोणत्याही विषयात नोबेल मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

ज्या निबंधामुळे ते ओळखले जातात तो 1954 चा. त्यातली कल्पना ऑगस्ट 1952 मध्ये बँकॉकच्या रस्त्याने चालताना अचानक सुचली, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांना एक कोडे पडले होते: औद्योगिक क्रांतीच्या पहिल्या काही दशकांत इंग्लंडमध्ये उत्पादन आणि नफा वाढत असताना मजुरी जवळजवळ जागच्या जागी का राहिली? उत्तर असे की शेतीत गरजेपेक्षा इतके हात अडकलेले असतात की त्यातले काही काढून घेतले तरी पीक फारसे घटत नाही. कारखान्याला पोटापुरत्या मजुरीपेक्षा थोडे जास्त दिले की हवी तेवढी माणसे मिळत राहतात, मजुरी वाढत नाही, नफा वाढतो, तो पुन्हा गुंतवला जातो आणि आणखी माणसे शेतीतून उचलली जातात. हे हात संपले की मजुरी चढू लागते, त्याला आज ‘लुईस वळणबिंदू’ म्हणतात.

ज्या देशांना हे लागू पडते त्यांची उदाहरणे देताना त्यांनी इजिप्त, भारत आणि जमैका अशी नावे घेतली आहेत. माझे आजोबा रत्नागिरीहून गिरणीत आले, तेव्हा घरची शेती भावांनी सांभाळली आणि पिकात काही फरक पडला नाही. महिन्याची मनीऑर्डर तेवढी वाढली. प्रारूपाचे पहिले अर्धे म्हणजे आमच्या घराची कुळकथाच. दुसऱ्या अर्ध्यात, म्हणजे नफा त्याच उद्योगात परत गुंतवला जातो या गृहीतकात, गिरणगावाचे काय झाले ते आपण सर्व जाणतोच. लुईस यांच्या टीकाकारांनीही नेमके तिथेच बोट ठेवले आहे.

मधली_फळी

नोबेल वगैरे ठीक, पण डॅरेन सॅमीचा उल्लेख मुख्य लेखात नसावा याचे नवल वाटले. वेस्ट इंडीजचा संघ 1928 पासून कसोटी खेळतो. त्या संघातून कसोटी खेळणारा पहिला सेंट लुशियन खेळाडू उगवायला 2007 साल उजाडावे लागले, आणि तो सॅमी. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद आणि गयाना यांची मक्तेदारी किती घट्ट होती याचा हा पुरावा समजावा. मँचेस्टरला ओल्ड ट्रॅफर्डवरच्या पदार्पणात त्याने दुसऱ्या डावात 66 धावांत 7 बळी घेतले. तरीही पुढे कर्णधार झाल्यावर ‘हा संघात कशासाठी आहे’ हा प्रश्न त्याच्या पाठीस लागलाच.

त्याने उत्तर दिले ते दोन टी-20 विश्वचषकांनी. 2012 मध्ये कोलंबोत श्रीलंकेला त्यांच्याच घरी 36 धावांनी हरवले आणि 2016 मध्ये कोलकात्यात इंग्लंडला. दुसरा सामना सगळ्यांना ब्रेथवेटच्या चार षटकारांमुळे आठवतो. मला त्यानंतरचे सॅमीचे भाषण आठवते, ज्यात त्याने गणवेशसुद्धा वेळेवर नव्हते आणि व्यवस्थापकाने धावपळ करून ते मिळवले, हे जगासमोर सांगितले. त्या स्पर्धेत स्वतः सॅमीच्या वाट्याला गोलंदाजी आणि फलंदाजी अगदी नावापुरती आली होती.

31 मार्च 2016 चा वानखेडेवरचा उपांत्य सामना मी मैदानात बसून पाहिला. भारताच्या 192, त्यात कोहलीच्या नाबाद 89, आणि वेस्ट इंडीजची सुरुवात गेल लवकर बाद होऊन. आमच्या ओळीतल्या मंडळींनी वडापाव उघडले होते. मग जॉन्सन चार्ल्स नावाच्या, आम्हांपैकी कोणालाही धड माहीत नसलेल्या सलामीवीराने 36 चेंडूंत 52 धावा काढल्या आणि धावगती आटोक्यात ठेवली. त्याला कोहलीने स्वतः गोलंदाजी करून बाद केले तेव्हा स्टेडियम नाचले, पण सिमन्स (नाबाद 82) टिकला आणि अखेरच्या षटकात रसेलने षटकार मारून सामना संपवला. परतीच्या गाडीत कोणी बोलले नाही. हा चार्ल्ससुद्धा कास्ट्रीजचा, म्हणजे त्या रात्री वानखेडेवर सेंट लुशियाचे दोन खेळाडू होते! विश्वचषकानंतर तिथल्या सरकारने बोसेजूर मैदानाला सॅमीचे आणि एका स्टँडला चार्ल्सचे नाव दिले. त्याच मैदानावर 24 जून 2024 रोजी आपल्या रोहितने ऑस्ट्रेलियाविरुद्ध 41 चेंडूंत 92 केल्या, तेव्हा वानखेडेची थोडी भरपाई झाली.

अक्षरवेल

मधली_फळी, प्रतिसाद आवडला. किंचित भर: वेस्ट इंडीजने 2012 पूर्वीचा विश्वचषक जिंकला होता तो 1979 च्या जूनमध्ये. सेंट लुशिया स्वतंत्र झाले ते 22 फेब्रुवारी 1979 ला, आणि लुईस यांचे नोबेल जाहीर झाले त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. त्या विजेत्या संघात या बेटाचा एकही खेळाडू नव्हता.

आता वॉलकॉट यांच्याविषयी. धागाकर्त्यांच्या ‘काम बेटावर राहून झाले नाही’ या विधानाशी मी अर्धीच सहमत आहे. ते जमैकात शिकले, त्रिनिदादमध्ये 1959 साली नाट्यसंस्था उभारली, बोस्टनमध्ये शिकवले, हे खरे. पण डोळ्यांचे शिक्षण कास्ट्रीजमध्येच झाले. हॅरल्ड सिमन्स नावाचे चित्रकार आणि लोककलांचे अभ्यासक होते. त्यांच्या घरी डेरेक आणि त्याचा मित्र डन्स्टन सेंट ओमर चित्रकला शिकत. डेरेक शब्दांकडे वळला, डन्स्टन रंगांकडे. बेटाचा निळा, सोनेरी, काळा आणि पांढरा ध्वज याच सेंट ओमर यांनी 1967 मध्ये रेखाटला. रोझो खोऱ्यातल्या चर्चमध्ये त्यांनी वेदीमागे काढलेले भित्तिचित्र 1973 चे आहे आणि त्यातले पवित्र कुटुंब कृष्णवर्णीय आहे. मळ्यात राबणारी माणसे प्रार्थनेला मान वर करतात तेव्हा त्यांना आपल्यासारखाच चेहरा दिसतो. ध्वज आणि भित्तिचित्र या दोन्ही गोष्टी बेटावर राहूनच झाल्या.

‘ओमेरोस’ (1990) या दीर्घकाव्यात ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातली नावे सेंट लुशियाच्या कोळ्यांना दिली आहेत: अकिल, हेक्टर आणि ज्या मोलकरणीवरून त्यांचे बिनसते ती हेलन. परदेशात बसलेल्या माणसाला होड्या, जाळी आणि वादळे इतकी नेमकी लिहिता येतात, ती बेट सोबत घेऊन गेल्यामुळेच. अखेरची वर्षे त्यांनी बेटाच्या उत्तर टोकाला घालवली आणि 17 मार्च 2017 रोजी तिथेच त्यांचे निधन झाले.

भारतीय वाचकांनी त्यांचे नोबेल भाषण अवश्य वाचावे. सुरुवात होते ती त्रिनिदादमधल्या फेलिसिटी या गावातल्या रामलीलेने. कॅरोनीच्या मैदानाच्या कडेला, उसाच्या मळ्यांसाठी आणलेल्या गिरमिटिया मजुरांचे वंशज बांबूचा भव्य रावण उभा करतात आणि पोरे धनुष्य घेऊन तयार असतात. वॉलकॉट मित्रांना घेऊन पाहायला गेले, आणि पाहता पाहता त्यांना जाणवले की आपण याकडे नाटक म्हणून, हरवलेल्या मुलखाचा अवशेष म्हणून बघत आहोत, पण या मंडळींसाठी हे नाटक नाहीच, ती श्रद्धा आहे. स्टॉकहोमच्या व्यासपीठावर स्वतःच्या नजरेतली ही चूक त्यांनी पहिल्याच काही परिच्छेदांत कबूल केली. सेंट लुशियातही 1859 पासून भारतीय मजूर आणले गेले होते, पण संख्येने कमी असल्याने ते तिथल्या समाजात मिसळून गेले आणि भाषा व सण बहुतांशी मागे पडले. म्हणून हा अनुभव घ्यायला त्यांना त्रिनिदादला जावे लागले, असे माझे मत.

उंबरठा

सर्व प्रतिसाद वाचनीय आहेत. परंतु थोर व्यक्तींची आरती करताना एक बाजू सुटू नये म्हणून लिहिते. वॉलकॉट यांच्यावर अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकवत असताना विद्यार्थिनींशी गैरवर्तन केल्याचे आरोप झाले होते. 2009 मध्ये ऑक्सफर्डच्या काव्य-प्राध्यापकपदाची निवडणूक असताना ते आरोप निनावी पत्रांतून पुन्हा फिरवले गेले आणि त्यांनी उमेदवारी मागे घेतली. निनावी पत्रे पाठवणे गैर होते; म्हणून मूळ तक्रारींचे वजन कमी होत नाही. कविता वाचाव्यात, मीही वाचते, पण हे ठाऊक असू द्यावे.

दुसरे म्हणजे धाग्यात बायका आहेत त्या आया आणि एक धावपटू. लेव्हर्न स्पेन्सर या उंच उडीपटूने 2018 च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्ण जिंकले. आणि सेसेन देकार्त (1914–2010) यांना विसरून कसे चालेल? मिकू भागातल्या या बाईंनी आयुष्यभर क्वेयोलमध्ये गाणी म्हटली. शाळांतून ज्या भाषेची हेटाळणी होत असे, त्या भाषेतली लोकगीते त्यांच्या गळ्यामुळे टिकली. बेटावर ‘ला रोझ’ आणि ‘ला मार्गरीत’ अशी दोन पुष्पमंडळे आहेत. प्रत्येकाचे आपले राजा, राणी आणि दरबार असतात, रात्र रात्र गाण्यांच्या बैठका चालतात आणि दोन्ही गटांत गोड चुरस असते. त्या बैठकांच्या मुख्य गायिकेला ‘शांतवेल’ म्हणतात, आणि सेसेन या शांतवेल होत्या. पुढे त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. त्यांनी बाहेरचे तिकीट कधी काढले नाही. डॅरेन सॅमीही मिकूचाच, हे मधली_फळी यांच्यासाठी.

टिपणवही

धागा आवडला. ‘दरडोई सर्वाधिक नोबेल’ असे सेंट लुशियाबद्दल अनेक ठिकाणी छापलेले असते आणि इथेही कोणीतरी लिहीलच, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो. फॅरो बेटांवर जन्मलेल्या नील्स फिन्सेन यांना 1903 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि तिथली आजची वस्ती पन्नास-पंचावन्न हजारच आहे. डोक्यांनी भागले तर फॅरो पुढे जातात. ते डेन्मार्कच्या अधीन असल्यामुळे ‘स्वतंत्र देशांत’ अशी पुस्ती जोडली तरच सेंट लुशियाचा दावा टिकतो.

मधली_फळी

उंबरठा, मिकूबद्दल आभार. अवांतर: समालोचक ज्याला ‘ग्रोस आयलेट’ म्हणतात त्या गावाचा स्थानिक उच्चार ‘ग्रोझ ईले’ असा आहे. 2024 मध्ये सेंट लुशिया किंग्जने कॅरिबियन प्रीमियर लीग प्रथमच जिंकली तेव्हा प्रशिक्षक सॅमीच होता. म्हणजे गेलेल्यांपैकी हा परत आला.

बेटकरी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सेंट ओमर आणि सेसेन यांच्यामुळे माझे तिसरे कलम, ‘बाहेरचे तिकीट’, लंगडे पडले हे मान्य करतो. जगाने मोजलेले यश आणि बेटाने जपलेले यश या वेगळ्या याद्या आहेत, आणि मी पहिलीच यादी हातात घेऊन बसलो होतो.

परतण्याविषयी एवढेच सांगतो. लुईस 1959 मध्ये वेस्ट इंडीजच्या विद्यापीठाचे प्रमुख म्हणून कॅरिबियनमध्ये आले, 1963 मध्ये प्रिन्स्टनला गेले, 1970 मध्ये कॅरिबियन विकास बँकेचे पहिले अध्यक्ष म्हणून पुन्हा आले. 1991 मध्ये बार्बाडोसला त्यांचे निधन झाले. त्यांना कास्ट्रीजच्या वरच्या अंगाला असलेल्या मोर्न फॉर्च्यून टेकडीवर, त्यांचेच नाव असलेल्या महाविद्यालयाच्या आवारात पुरले आहे. वॉलकॉट यांचे दफनही त्याच टेकडीवर झाले. खाली गावात जो कोलंबस चौक होता त्याचे 1993 मध्ये डेरेक वॉलकॉट चौक असे नामांतर झाले असून तिथे दोघांचेही अर्धपुतळे आहेत.

टिपणवही यांची फॅरोविषयीची सूचना मोलाची आहे. मूळ लेखात मी ‘दरडोई’ हा शब्द योगायोगानेच वापरला नव्हता. सेंट ओमर आणि सेसेन यांची नावे मात्र तिथे घालायची होती, पण संपादनाची मुदत उलटून गेली आहे, तेव्हा नव्या वाचकांनी कृपया प्रतिसादांसकट वाचावे.